येशू देव, माणूस की दोन्ही? निवड करू पाहणाऱ्यासाठी

ज्याच्यापुढे हा प्रश्न खरोखरीच उभा आहे, त्याने मिस्सेत (कॅथोलिक उपासनेत) निकियाचा मतांगीकार, म्हणजे येशूला ‘खरा देव’ म्हणणारी श्रद्धेची घोषणा, अनेकदा म्हटलेला असेल आणि दारी आलेल्या एखाद्या प्रचारकाकडून ‘पिता माझ्यापेक्षा थोर आहे’ हे योहानाच्या शुभवर्तमानातील वचनही ऐकलेले असेल. म्हणून वचनांची यादी येथे देत नाही. दोन्ही भूमिका मनात बाळगून काही काळ जगलेल्या माणसाला काय जाणवले, एवढेच सांगतो.

अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस याच्या मते पुत्र, म्हणजे येशू, सर्व सृष्टीआधीचा आणि सर्वांत श्रेष्ठ खरा, पण निर्मितच. ३२५ साली निकियाच्या धर्मपरिषदेने हे मत नाकारले, तरी त्यानंतरही ते अनेक दशके राजाश्रयासह टिकले, आणि यहोवाचे साक्षीदार आजही पुत्राला देवाची पहिली निर्मिती मानतात. या मताचा सरळपणा मला मोलाचा वाटतो. एकेश्वरवादाला कोठे धक्का लागत नाही, अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत कोण कोणाची प्रार्थना करतो हे कोडे पडत नाही, आणि शेवटच्या दिवसाविषयी पुत्रालाही ठाऊक नाही हे मार्काचे वचन (१३:३२) ओढाताण न करता वाचता येते.

तरीही एका जागी ते मला सतत खुपत राहिले आणि माझा निर्णय त्याच जागी झाला. आपल्याकडे गोव्यात गुड फ्रायडेला क्रुसावरून उतरवलेल्या ख्रिस्ताची मूर्ती लोकांपुढे ठेवतात, आणि ज्यांना वाकणेही कठीण अशी म्हातारी माणसे कोणाचा तरी हात धरून त्या पावलांचे चुंबन घेतात. त्या रांगेत उभे असताना मनात येई की हा निर्मित असेल, तर प्रेम केले एकाने आणि सोसले दुसऱ्याने. देव स्वतः सुखरूप राहिला आणि आपल्या सर्वोत्तम सेवकाला त्याने मरणाकडे धाडले. मग कृतज्ञता कोणाच्या पायी वाहावी? सोसणाऱ्यापुढे गुडघे टेकले तर निर्मिताची पूजा होते, आणि पाठवणाऱ्यापुढे टेकले तर त्याने स्वतःचे काही दिलेले नसते. घरात दीर्घ आजारपण असताना मी रात्री उशाशी बसून प्रार्थना करी, तेव्हा दुःख दुरून पाहणारा देव मला पुरेना. दुसऱ्याचा अनुभव वेगळा असू शकेल. एरियसचा विरोधक, अलेक्झांड्रियाचा बिशप अथानेशियस यानेही चौथ्या शतकात याच जागी बोट ठेवले होते: जो स्वतः निर्मित आहे, तो इतर निर्मितांना देवाशी जोडू शकत नाही.

येशूचे देवपण खरे आणि माणूसपण अपुरे, हे उलट टोकाचे मत मला फार वेळ धरून ठेवू शकले नाही. ख्रिस्ताला मानवी बुद्धी नव्हती असे चौथ्या शतकातला बिशप अपोलिनारियस म्हणाला, तेव्हा त्याच काळातला धर्मपंडित नाझियांझसचा ग्रेगरी याने उत्तर दिले की जे त्याने धारण केले नाही ते बरेही झाले नाही. मला ते पुरेसे वाटते.

राहिली ४५१ सालच्या कॅल्सेडनच्या धर्मपरिषदेची भूमिका: व्यक्ती एक, स्वभाव दोन, त्यांची सरमिसळ नाही, त्यांत बदल नाही, विभागणी नाही, ताटातूट नाही. ती फारसे समजावून सांगत नाही, केवळ कोठे घसरायचे नाही ते दाखवते. एकाच व्यक्तीला सर्वज्ञता आणि अज्ञान दोन्ही कसे, याचे समाधानकारक उत्तर मला तिच्यात सापडलेले नाही, आणि ज्याला असे कोडे सोडवल्यावाचून चैन पडत नाही त्याला ती जड जाईल. पण त्या रांगेत ती मला टिकलेली दिसते, कारण ते पाय माणसाचे असतात आणि नमन देवापर्यंत पोहोचते.

गोव्यात राहणाऱ्याने रायबंदरचे सेंट मेरी ऑर्थोडॉक्स चर्चही पाहावे. वेर्ण्याचे कॅथोलिक पाद्री आल्वारिस १८८९ साली केरळातील मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्चचे बिशप, मार ज्युलियस, झाले. १९२३ साली त्यांचे निधन झाले आणि त्यांचे अवशेष तेथेच आहेत. ही परंपरा कॅल्सेडन मानत नाही. पाचव्या शतकातला अलेक्झांड्रियाचा बिशप सिरिल याला अनुसरून ती देहधारी शब्दाचा (म्हणजे ख्रिस्ताचा) एकच, संयुक्त स्वभाव सांगते, मात्र त्याचे माणूसपण पूर्ण होते हे ती ठामपणे मानते. त्याच कुळातील इजिप्तच्या कॉप्टिक चर्चचे पोप शेनुदा तिसरे आणि रोमचे पोप पॉल सहावे यांनी १९७३ साली ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण माणूस असल्याचे संयुक्तपणे जाहीर केले. त्यामुळे या दोहोंतली निवड मला तितकी निकराची वाटत नाही. तरी ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको’ असे म्हणणाऱ्या येशूला खरोखरीची मानवी इच्छा होती, हे ६८१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने कॅल्सेडनच्याच पायावर स्पष्ट केले, आणि त्या बागेतली प्रार्थना मला अशीच वाचता येते. म्हणून माझे पारडे किंचित कॅल्सेडनकडे झुकते. रायबंदरच्या वेदीपुढे मी तेवढ्याच निश्चिंत मनाने प्रार्थना करू शकतो. एरियसचा पुत्र मनात धरून मला ते जमले नाही.