भाचीच्या एमबीबीएससाठी त्या माणसाला घरात मीच नेलं

सोलापुरात सिव्हिल हॉस्पिटलजवळ माझं मेडिकलचं दुकान आहे. एकोणीस वर्षं झाली. नात्यात कुणाचं दुखलं-खुपलं, कुठल्या डॉक्टरकडे जायचं, कुठली तपासणी करायची, सगळे आधी मला विचारतात. म्हणून २०२३ साली सांगोल्याच्या ताईनं भाचीच्या अ‍ॅडमिशनचंही मलाच विचारलं. मी ज्या माणसाला तिच्या घरी नेलं, तो चौदा लाख रुपये घेऊन गेला आणि पोरीचं एक वर्ष घेऊन गेला. नीटचा, म्हणजे मेडिकल प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की अ‍ॅडमिशन करून देतो म्हणणाऱ्यांचे फोन दरवर्षी सुरू होतात. ज्यांची फसवणूक झाली ते बोलत नाहीत. आम्हीही पाच महिने गप्प बसलो.

भाची सुट्टीत माझ्या दुकानात येऊन बसायची. गोळ्यांच्या पाकिटावरची नावं वाचायची, कशावर काय देतात ते वहीत लिहून घ्यायची. डॉक्टर व्हायचं हे तिनं आठवीतच ठरवलेलं. दाजींची डाळिंबाची बाग आहे. तेल्या रोगानं दोन वर्षं हातची गेली होती, तरी लातूरच्या क्लासची फी त्यांनी भरली. १३ जून २०२३ ला निकाल लागला. ७२० पैकी ४४१. वाईट मार्क नव्हते, पण एमबीबीएसला पुरणारेही नव्हते. बीएएमएसला, म्हणजे आयुर्वेदाच्या डॉक्टरकीला, कुठे ना कुठे नंबर लागला असता.

तिसऱ्या दिवशी ताईच्या मोबाईलवर फोन आला. पलीकडच्या मुलीनं भाचीचं नाव, मार्क, जिल्हा सगळं न विचारता सांगितलं. ताईला वाटलं, सरकारी ऑफिसातूनच फोन आहे. मुलांची ही माहिती यांच्या हातात कशी पडते, हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नाही. ताईनं मला विचारलं, मी आमच्याकडे येणाऱ्या एका एमआरला, म्हणजे औषध कंपनीच्या प्रतिनिधीला, विचारलं. आठ वर्षांची ओळख. तो म्हणाला, "अहो, सरांना मी चांगला ओळखतो ओ. दरवर्षी चार-पाच पोरं लावतेत." त्याला यात पन्नास हजार मिळाले होते, हे नंतर कळलं.

सात रस्त्याजवळच्या एका हॉटेलात भेट झाली. माणूस चाळिशीचा, साधा शर्ट, बोलणं अगदी अदबीचं. पहिल्या भेटीत त्यानं पैशाचा विषयच काढला नाही. भाचीलाच विचारलं, "बाळा, तुला कशातलं डॉक्टर व्हायचंय?" ती म्हणाली, लहान मुलांची. तिथेच ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यानं समजावून सांगितलं की शेवटच्या फेरीनंतर खासगी कॉलेजात जागा रिकाम्या राहतात, मॅनेजमेंट कोट्यातल्या जागा संस्था परस्पर भरते, फक्त आपला माणूस आत हवा.

यात खरं काय ते आधी सांगतो, कारण त्याच्या बोलण्यात थोडं खरं मिसळलेलं होतं. खासगी कॉलेजात इन्स्टिट्यूशनल कोटा असतो, त्यालाच लोक मॅनेजमेंट कोटा म्हणतात, त्याची फीही जास्त असते. शेवटी जागा रिकाम्या राहतात आणि त्यासाठी वेगळी फेरी होते, हेही खरं. पण त्या कोट्याला नीट लागते आणि जागा नीटच्या गुणवत्तेवरच भरतात. महाराष्ट्रात ही प्रक्रिया सीईटी सेल, म्हणजे सरकारचा प्रवेश कक्ष, राबवते. देशपातळीवरचा १५ टक्के कोटा आणि अभिमत विद्यापीठं दिल्लीची एमसीसी, म्हणजे केंद्राची मेडिकल कौन्सेलिंग कमिटी, बघते. जागा मिळाली की यादीत नाव येतं आणि ती यादी सगळ्यांना उघडून बघता येते. कॉलेजची फी किती, ते शुल्क नियामक प्राधिकरणाच्या वेबसाइटवर दिलेलं असतं. एवढं मला तेव्हा माहीत असतं, तर हॉटेलातला चहासुद्धा प्यायलो नसतो.

जुलैत फॉर्म भरायची वेळ आली. जुळे सोलापुरातल्या एका फ्लॅटमध्ये त्याचं ऑफिस होतं. भिंतीवर पांढऱ्या कोटातल्या मुलामुलींचे फोटो होते. तिथल्या पोरानं भाचीचा लॉगिन आणि पासवर्ड घेतला. म्हणाला, तुमच्याकडून चूक झाली तर वर्ष जाईल, आम्ही भरतो. मोबाईल नंबरही त्यानं स्वतःचा टाकला. त्यामुळे पुढचा एकही ओटीपी आमच्याकडे आला नाही. भाचीनं विचारलं, "सर, ग्रुप बी पण भरू ना, आयुर्वेदचं?" त्यावर तो चटकन म्हणाला, "ते भरलं की मॅनेजमेंटचा फॉर्म कॅन्सल होतो." हे साफ खोटं होतं. भाचीनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, सर सांगतात तसं कर म्हणून. चौदा लाखांपेक्षा मला ही मान हलवलेली जास्त आठवते.

मूळ कागदपत्रंही तिथेच ठेवून घेतली. दहावी-बारावीची गुणपत्रकं, डोमिसाईल, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर. "कॉलेजला दाखवायला लागतात." त्याची पोचपावती आम्ही मागितली नाही.

पैसे तीन टप्प्यांत गेले. दोन लाख टोकन म्हणून रोख. नऊ लाख आरटीजीएसनं, एका कन्सल्टन्सीच्या खात्यात. मी विचारलं, कॉलेजच्या नावानं का नाही? तर म्हणाला, कॉलेजला डोनेशन उघड घेता येत नाही, म्हणून आमच्यामार्फत. राहिलेले तीन लाख परत रोख, दाजींनी पिशवीत घालून आणलेले. ताईच्या पाटल्या त्यातच गेल्या. विश्वास बसावा म्हणून त्यानं अकरा लाखांचा चेक लिहून दिला, वर तारीख घातली नव्हती. "काम झालं नाही तर बँकेत टाका." आणि प्रत्येक वेळी एक वाक्य असायचंच: "कुणाला बोलू नका, जागा दुसरं कुणीतरी पळवेल." घरच्या घरीसुद्धा आम्ही हळू आवाजात बोलायला लागलो होतो.

गणपतीत व्हॉट्सअ‍ॅपवर पत्र आलं. कॉलेजचं चिन्ह, गोल शिक्का, सही, भाचीचं नाव. ताईनं घरच्या गणपतीपुढे ठेवलं, गल्लीत पेढे वाटले. मी ते पत्र दुकानात प्रिंट काढून बघितलं होतं. माल आला की प्रत्येक पाकिटाचा बॅच नंबर आणि एक्स्पायरी मी बघतो, बिलावर लायसन्स नंबर नसेल तर माल परत पाठवतो. त्या पत्रावर जावक क्रमांक नव्हता. सीईटी सेलचा उल्लेख नव्हता. भाचीच्या नीटच्या अर्ज क्रमांकातले दोन आकडे उलटसुलट पडलेले. हे तिन्ही मला नंतर दिसलं. तेव्हा मी फक्त तिचं नाव वाचलं.

मग रिपोर्टिंगची, म्हणजे कॉलेजात हजर व्हायची, तारीख पुढे पुढे जाऊ लागली. विसर्जन झालं, पितृपक्ष आला, "सही व्हायची आहे", "डीन बाहेरगावी आहेत". ऑक्टोबरच्या मध्यात दाजी म्हणाले, आपणच जाऊ. पहाटे चारला सोलापूर स्टँडवरून निघालो. कॉलेजच्या प्रवेश विभागात एक बाई होत्या. त्यांनी पत्र हातातसुद्धा घेतलं नाही, लांबूनच बघितलं. "सिलेक्शन लिस्टमध्ये नाव आहे का?" दाजी म्हणाले, पत्र आहे की मॅडम. त्या म्हणाल्या, "असं पत्र आम्ही देतच नाही. या आठवड्यातले तुम्ही तिसरे." बाहेर बाकड्यावर नांदेडकडचे एक जोडपं बसलेलं. त्यांच्या हातातही तसलंच पत्र होतं, तोच गोल शिक्का. दाजी परतीच्या प्रवासात एक शब्द बोलले नाहीत. मोहोळ आलं तेव्हा म्हणाले, "पोरीला काय सांगायचं?"

फोन केला तर तो घाबरला नाही. आधी म्हणाला, याच पैशात बाहेरदेशी पाठवतो, सगळं जमवून देतो. २०२१ च्या नियमांप्रमाणे परदेशातला कोर्स किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा लागतो, तिथलीच बारा महिने इंटर्नशिप लागते आणि परत आल्यावर परीक्षा असतेच, हे तोवर भाचीनं वाचून ठेवलेलं. आम्ही नाही म्हटल्यावर त्याचा सूर बदलला. "तक्रार करा की. डोनेशन देणं गुन्हा आहे, तुम्ही पण आत जाल."

या एका वाक्यानं आम्हाला पाच महिने गप्प बसवलं. कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठी घेतलेलं डोनेशन, महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्यानं बंद आहे, हे खरं. पण आमच्याकडून कुठल्याच कॉलेजनं पैसे घेतले नव्हते. बनावट पत्र करून एका ठगानं घेतले होते. वकिलांनी हे समजावून सांगितल्यावर आम्ही पोलिसांत गेलो, तिथून प्रकरण आर्थिक गुन्हे शाखेकडे गेलं. तपासात कळलं की तो अशा बऱ्याच जणांकडून पैसे घेऊन ठेवायचा. त्यातल्या ज्या मुलाचा स्वतःच्या मार्कांवर शेवटच्या फेरीत नंबर लागायचा, तो "मी लावला" म्हणून सांगायचा आणि त्याचा फोटो भिंतीवर लावायचा. एमआरनं सांगितलेली दरवर्षीची चार-पाच पोरं ती हीच.

चेक भरला, परत आला. ज्यांच्याकडे असा चेक आहे त्यांच्यासाठी हे लिहितो. चेक तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत जायला हवा. परत आल्याचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस पोचल्यावर पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत, तर पुढच्या एक महिन्यात कोर्टात तक्रार. यातली एक तारीख चुकली तरी अवघड होतं. आणि पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. आमच्या नऊ लाखांना बँकेचा पुरावा होता म्हणून केस उभी राहिली. रोख पाच लाखांचं काही सिद्ध करता येत नाही. आजवर दोन लाख चाळीस हजार परत आलेत.

कागदपत्रांचं हाल वेगळंच. ग्रुप बीच्या फेऱ्या चालू होत्या, पण पासवर्ड त्याच्याकडे, मूळ गुणपत्रकं त्याच्याकडे. दुय्यम प्रतींसाठी पुण्याच्या विभागीय मंडळात दोन खेपा झाल्या, डोमिसाईल आणि दाखल्यांसाठी तहसीलला किती झाल्या ते मोजलं नाही. तोवर ते वर्ष गेलं. भाचीनं रिपीट केलं. पण २०२४ ला नीटचे मार्क इतके वर चढले की आदल्या वर्षीच्या मार्कांना किंमतच उरली नाही. तरी तिनं नेटानं केलं, आता बीएएमएसला आहे. फॉर्म तिनं स्वतः भरला, पासवर्ड कुणाला दिला नाही, मलासुद्धा.

मागच्या महिन्यात अक्कलकोटकडचे एक गृहस्थ औषधाला आले होते. बोलता बोलता म्हणाले, मुलाचं एमबीबीएसचं झालं, पत्र आलंय. मी म्हटलं, बघू. त्यांनी आधी मागे वळून बघितलं, मग मोबाईल पुढे केला. शिक्का बघूनच माझ्या पोटात गोळा आला. मी काउंटरवर सीईटी सेलची यादी उघडली आणि मुलाचा क्रमांक त्यांनाच टाकायला सांगितला. त्यांनी तो दोनदा टाकला. नाव नव्हतं.

"किती दिलेत?" मी विचारलं.

"टोकन दिलंय. बाकीचे उद्या न्यायला येणार आहेत."

मी शटर अर्धं खाली ओढलं, त्यांना आत स्टुलावर बसवलं आणि आमच्या केसची फाईल काढली.