दुसऱ्यांदा प्रोटेक्शन व्हिसाचा अर्ज करून देतो म्हणणाऱ्याला एक डॉलरही देऊ नका

१३,३०० डॉलर गेले. ३,२०० ‘दुसऱ्या अर्जा’चे, ४,५०० ‘कोर्ट केस’चे आणि ५,६०० केस हरल्यावर सरकारचा खर्च म्हणून कोर्टाने माझ्यावर लावलेले. लिहिताना लाज वाटते, पण ऑस्ट्रेलियात तो व्हिसा एजंट आज आणखी कुणाला तरी हेच सांगत असेल.

प्रोटेक्शन व्हिसा म्हणजे मायदेशी धोका असलेल्यांना आश्रय देणारा व्हिसा. माझा तो नाकारला गेला, आणि असे सरकारी निर्णय पुन्हा तपासणाऱ्या ट्रायब्युनलचाही नकार ९ सप्टेंबर २०२४ चा. एजंट म्हणाला, “घाई नको. १४ ऑक्टोबरला नवं ट्रायब्युनल येतंय, मग सगळं नव्याने.” नवं ट्रायब्युनल खरंच त्या दिवशी आलं. अर्धी गोष्ट खरी होती म्हणूनच बाकीची गळी उतरली. पण मायग्रेशन अ‍ॅक्टचं कलम ४८ए होतं तिथेच होतं. प्रोटेक्शन व्हिसा एकदा नाकारला गेला की देशात राहून दुसरा अर्ज करता येत नाही. कारण नवं असो, पुरावे नवे असोत. २०१३ मध्ये फेडरल कोर्टाच्या एका निकालाने वेगळ्या आधारावर दुसरा अर्ज करायची फट ठेवली होती, ती संसदेने २०१४ मध्ये बुजवली. ही बंदी उठवायचा अधिकार फक्त मंत्र्यांना, कलम ४८बी खाली, आणि तो वापरायला ते बांधील नाहीत.

आता दिवस मोजा. ९ सप्टेंबरपासून ३५ वा दिवस म्हणजे १४ ऑक्टोबर. ट्रायब्युनलच्या निकालाविरुद्ध कोर्टात जायची ३५ दिवसांची मुदत त्याच दिवशी संपत होती! ती निकालाच्या तारखेपासून धरतात, पत्र हाती पडल्यापासून नाही.

सगळ्यात जळतं ते एका टिचकीवर. एजंटाने भरलेल्या दुसऱ्या अर्जात प्रश्न होता: यापूर्वी प्रोटेक्शन व्हिसा नाकारला गेला आहे का? त्याने माझ्यासमोर ‘नाही’ निवडलं. तिथेच त्याचा हात धरायला हवा होता. विचारलं तर म्हणाला, “तो जुन्या ट्रायब्युनलचा नकार, इथे मोजत नाहीत.” व्हिसा संपत आलेल्या माणसाला कलमं वाचायची शुद्ध नसते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. अर्ज वैधच नाही असं पत्र दहा दिवसांनी आलं, तेही त्याच्या ईमेलवर, कारण इमीअकाउंट, म्हणजे व्हिसा अर्जाचं सरकारी ऑनलाइन खातं, त्याने स्वतःच्या ईमेलने उघडलं होतं. अकाउंट आणि पासवर्ड स्वतःकडेच ठेवा. अवैध अर्जावर ब्रिजिंग व्हिसा, म्हणजे निर्णय होईपर्यंत देशात राहू देणारा तात्पुरता व्हिसा, मिळत नाही.

मग २० नोव्हेंबरला, ७२ व्या दिवशी, ‘आता कोर्ट व्हिसा देईल’ म्हणून केस. कोर्ट व्हिसा देत नाही. तुमची कहाणी खरी की खोटी हेही ठरवत नाही. ट्रायब्युनलने अधिकाराबाहेर जाणारी कायद्याची चूक केली का, एवढंच बघतं, आणि चूक निघाली तर प्रकरण परत ट्रायब्युनलकडे जातं. माझ्या अर्जात कारण एकच ओळीचं: ‘माझं नीट ऐकलं नाही.’ कुठला पुरावा, कुठला परिच्छेद, काही नाही. मुदतवाढही नाकारली गेली. वकिलाने केस दाखल केली तर तीत यशाची वाजवी शक्यता आहे, असं त्याला लेखी प्रमाणित करावं लागतं. म्हणून एजंटाने मला वकिलाशिवाय ‘स्वतःच लढणारा’ दाखवलं. तसं प्रमाणपत्र द्यायला जो कचरतो, त्याच्याकडून केस करू नका.

तक्रार करायला गेलो तर एजंटांची नोंदणी पाहणारे म्हणाले, तो नोंदणीकृतच नाही, मग आमच्याकडे कशाला? पोलिस म्हणाले, पैशांचा वाद आहे, दिवाणी कोर्टात जा. अशा फसवणुकीची खबर (टिप) घेणाऱ्या सरकारी लोकांनी माहिती लिहून घेतली, पुढे काय झालं ते सांगणार नाही म्हणाले. बिनपरवाना सल्ला देणं गुन्हा आहे, कायद्यात स्पष्ट आहे. मग तो गुन्हा नोंदवायचा कुणी? माझ्याकडे पावती नाही, ४,५०० रोख दिले. ३,२०० बँकेतून गेले, तेवढाच पुरावा.

नोंदणीकृत एजंटाचा सात आकडी नंबर असतो. पैसे देण्याआधी तो ऑनलाइन नोंदवहीत तपासा, आणि वकील असेल तर त्याचं राज्याचं प्रॅक्टिस सर्टिफिकेट. ट्रायब्युनलचा निकाल हातात असेल तर त्यावरची तारीख आत्ताच बघा.