बॅजिओची १० नंबरची रेट्रो जर्सी: घेण्याआधी काय तपासावं

इटलीचा फुटबॉलपटू रॉबर्टो बॅजिओ याची १९९४ च्या विश्वचषकातली निळी जर्सी आजही नव्याने शिवून विकली जाते. कापड आणि रंग बहुतेक प्रतींत बरे जमतात. घोळ होतो तो नाव, नंबर आणि बोधचिन्हात.

आधी पाठ पाहा. त्या संघात डिनो बॅजिओही होता, म्हणून रॉबर्टोच्या पाठीवर आडनावाआधी ‘आर’ हे आद्याक्षर होतं. नुसतं आडनाव छापलेली प्रत तिथेच बाद करावी. नंबर पुढच्या बाजूलाही हवा. बोधचिन्हावर जिंकलेल्या प्रत्येक विश्वचषकाचा एक तारा असतो; इथे तारे तीनच हवेत, कारण चौथा विश्वचषक इटलीने २००६ मध्ये जिंकला. चार तारे असलेली ‘१९९४ ची’ जर्सी विकायला ठेवणारे कमी नाहीत. जर्सी बनवणाऱ्या डियाडोरा कंपनीचा लोगो दिसला म्हणून मात्र लगेच नकली ठरवू नका. खेळाडूंच्या जर्सीवर तो नव्हता, पण दुकानात विकल्या जाणाऱ्या जर्सीवर असायचा.

सर्वांत जास्त फसगत युव्हेंटस या इटालियन क्लबच्या जर्सीत होते. बॅजिओ तिथे १९९० ते १९९५ खेळला आणि सेरी आ या इटलीच्या अव्वल लीगमध्ये कायमचे नंबर व पाठीवर नावं आली ती १९९५-९६ च्या हंगामापासून. त्यामुळे काप्पा कंपनीची, डॅनोन या प्रायोजकाचं नाव लिहिलेली काळी-पांढरी जर्सी खेळाडूच्या नावासकट मिळाली, तर ते नाव नंतर चिकटवलेलं आहे. नुसता १० असलेलीच घ्या. मिलानमध्ये त्याचा नंबर १८ होता, तिथे १० चालणार नाही. बोलोन्याची जर्सी फारसं कुणी मागत नाही, याचं वाईट वाटतं. १९९७-९८ मध्ये त्याने तिथे लीगचे २२ गोल केले होते. ब्रेशियाने तर त्याच्यानंतर १० नंबर कुणालाच दिला नाही.

तरी एकच घ्यायची असेल तर निळीच घ्यावी. लोकांना पासाडेनातल्या अंतिम सामन्यात बारवरून गेलेली त्याची पेनल्टी आठवते, पण नायजेरिया, स्पेन आणि बल्गेरियाविरुद्धचे ५ गोल नसते तर इटली अंतिम सामन्यापर्यंत पोचलीच नसती.

मापासाठी अंगाला नीट बसणारा टी-शर्ट सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत मोजा आणि तो आकडा विक्रेत्याच्या तक्त्याशी ताडून पाहा. नव्वदच्या दशकातली बेतणी मुळातच ढगळ असते, त्यामुळे एक माप मोठं घेतलं की खांदे उतरतात. नंबर मखमली फ्लॉकचा असेल तर दिसतो सुंदर, पण गरम पाण्याने त्याचा गोंद सुटतो आणि कडांपासून तो उचलला जातो. जर्सी उलटी करून गार पाण्यात हाताने धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. नंबरावर इस्त्री फिरवू नका आणि घडीही नंबरावर पडू देऊ नका. तिथेच पहिली भेग जाते.