हणजुणेच्या बाजारातला ‘डायनासोरचा जबडा’: दात खरे, जबडा खोटा

गोव्यात हणजुणेच्या बुधवारच्या बाजारात दगड-स्फटिकांचा एक स्टॉल लागतो. गेल्या महिन्यात तिथून ‘डायनासोरचा जबडा’ घेतला. सांगितले ४,५००, दिले ३,२००. वीतभर लांबीची पिवळसर रेतीची ढेप आणि तिच्यात रुतलेले तीन काळपट दात. नात सातवीत आहे, तिच्या वाढदिवसासाठी घेतला. पुढच्या माणसाचे पैसे वाचावेत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डिचोली तालुक्यात एका खाणीच्या लॅबमध्ये मी २२ वर्षं खनिजाचे नमुने तपासले. खाण बंद पडली, पण दहापट मोठं दाखवणारं भिंग अजून खिशात असतं. त्या दिवशी ऊन, गर्दी आणि नातीची घाई, त्यामुळे ते बाहेर काढलं नाही.

घरी आल्यावर खिडकीपाशी बसून पाहिलं. दातांवर मुळापासून टोकापर्यंत केसासारख्या चिरा, बाजूला उभी धार, कुठेकुठे चकाकीचा टवका उडालेला. दात खरे, याबद्दल शंका राहिली नाही. पण दात जिथे रेतीत शिरतो तिथे मोहरीहूनही लहान, गुळगुळीत पोकळ्या दिसल्या. हे हवेचे बुडबुडे. रेती दाबून झालेल्या खडकात ते असे नसतात, वाळलेल्या गोंदात असतात. सुई तापवून टेकवली, जळक्या प्लास्टिकचा वास आला. मुलीचं नेलपॉलिश काढायचं औषध कापसावर घेऊन फिरवलं, तर रेती पिठासारखी सुटू लागली. मग लक्षात आलं की मधला दात बाकीच्या दोघांच्या उलट दिशेला वाकलेला आहे. तीन दात, बहुधा तीन वेगळ्या प्राण्यांचे.

आणि हा प्राणी डायनासोर नव्हेच. हा मोसासॉर. समुद्रात राहणारा, घोरपड आणि साप यांच्या गोतातला, साधारण ७ कोटी वर्षांपूर्वीचा. मोरोक्कोत खुरिब्गाच्या फॉस्फेटच्या खाणींत याचे दात ढिगांनी निघतात, कारण या प्राण्यांचे दात जन्मभर पडत आणि नवे येत. म्हणून सुटा दात खरा असूनही स्वस्त मिळतो. अख्खा जबडा क्वचितच सापडतो, म्हणून सुट्या दातांना रेती-गोंद लावून जबडा तयार करतात. खाणीवर उन्हात राबून कुणीतरी तो दात वेचलेला असतो, त्याच्यावर हा लेप कशाला, याचं मला वाईट वाटलं.

पुढच्या बुधवारी परत गेलो. विक्रेता पंचविशीचा मुलगा. त्याने हुज्जत घातली नाही. भिंग मागून घेतलं, स्वतः बुडबुडे पाहिले आणि म्हणाला, “अंकल, मुझे भी ऐसा ही मिला था.” जबडा ठेवून घेतला, दोन सुटे दात दिले आणि २,००० रुपये परत केले. हे मी मनापासून त्याच्या बाजूने मांडतो. पण दात कुठल्या खाणीतले, कुठल्या थरातले, हे ना त्याला ठाऊक, ना त्याला माल देणाऱ्या व्यापाऱ्याला. माझी खरी तक्रार इथे आहे.

लॅबमध्ये प्रत्येक नमुन्याच्या पिशवीत चिठ्ठी असायची: कुठला बेंच (खाणीतली पायरी), किती खोलीवर, तारीख, कोणी काढला. पावसात चिठ्ठी भिजून अक्षर गेलं तर तो नमुना आम्ही टाकून द्यायचो, मग त्यात लोह कितीही असो.

त्याच स्टॉलवर सोललेल्या नारळाहून थोडा मोठा गोल दगड होता. “डायनासोर का अंडा, गुजरात का.” भिंगाखाली कवचाचा थर दिसला नाही, मला तो साधा गोटा वाटला. खरं अंडं असतं तर जास्त वाईट झालं असतं. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात संशोधकांनी टायटनोसॉर या लांब मानेच्या, अवाढव्य डायनासोरची ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवली, २०२३ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. घरटी इतकी खेटून होती की तेवढ्या अवाढव्य आईला मधून फिरायला जागा नव्हती. तेव्हा अंडी घालून माद्या निघून जात असाव्यात, असं संशोधकांनी मांडलं. हे कळलं दोन घरट्यांमधल्या अंतरावरून. त्यातलं एक अंडं उचलून दुकानात आणलं की ते अंतर गेलं. त्याच जिल्ह्यात पाडल्या गावचे लोक असे गोल दगड काकड भैरव म्हणून पुजत आले, शेताची आणि गुरांची राखण करणारा देव म्हणून. आपल्याकडे राखणदाराला मानतात तसंच.

मालकीचा प्रश्न मोठ्या बाजारातही सुटलेला नाही. २०१२ मध्ये न्यूयॉर्कला टार्बोसॉरस या मांसाहारी डायनासोरचा सांगाडा लिलावात १० लाख डॉलरच्या वर गेला. मंगोलियाने हरकत घेतली, हाडं तिथल्या गोबी वाळवंटातली असल्याचं तज्ज्ञांनी सांगितलं आणि २०१३ मध्ये तो मंगोलियाला परत मिळाला. तिथे हाडांनीच जागा सांगितली. माझ्या दोन दातांकडून एवढी अपेक्षा कशी करणार?

नातीने विचारलं, “आबा, तुमच्या खाणीत का नाही सापडत?” आपल्या लोहखनिजाचे खडक बहुतेक २०० कोटी वर्षांहून जुने, डायनासोर फार पुढे आले. तिला हाडं पाहायची तर गडचिरोलीत सिरोंच्याकडे जायला हवं. मे महिन्यात नेणार आहे.

दात आता कापसाच्या डबीत आहेत. नातीने चिठ्ठी लिहिली: मोसासॉर, दात २, मोरोक्को, हणजुणे बाजारातून. ‘खाण’ लिहून पुढे मोकळी जागा ठेवली.

सुटे दात घ्या, ५०० ते ६०० रुपयांत ठीक आहेत. जबडा आणि अंडं घेऊ नका. बिलावर देश आणि खाण लिहून मागा, कितीही वेळा मागावं लागलं तरी. सकाळी जा, भिंग न्या. पावसाळ्यात बाजार बंद असतो. ५ पैकी २.५, त्यातला एक गुण माल परत घेतल्याबद्दल.