खोलीला किती वॉटचा रेडिएटर? ठोकताळा, गणित आणि मोजमाप यांची तुलना

घर तापवण्यासाठी खोलीत बसवायच्या, आतून गरम पाणी फिरणाऱ्या रेडिएटरची ही गोष्ट. ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या अशा प्रत्येक रेडिएटरच्या माहितीत त्याची उष्णता वॉट आणि बीटीयू (ब्रिटिश थर्मल युनिट) अशा दोन आकड्यांत दिलेली असते. १ वॉट म्हणजे ताशी ३.४१२ बीटीयू, त्यामुळे हे दोन आकडे एकच गोष्ट सांगतात. बीटीयू आपल्याला परका नाही, कारण भारतात एसीचा १ टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयूच असतो. शिवाय खोलीचे चौरस फूट विचारून दुकानदार जसा ‘दीड टन पुरे’ असे सांगून मोकळा होतो, तसाच व्यवहार इकडे रेडिएटरच्या बाबतीतही चालतो. फरक एवढाच की एसीच्या बाबतीत तो अंदाज बहुधा निभावून जातो, तर रेडिएटरच्या बाबतीत त्याच आकड्याचा अर्थ त्यातून किती गरम पाणी फिरणार आहे यावर सर्वस्वी अवलंबून असतो.

इंग्लंडमध्ये जुने घर घेतलेल्या आणि बॉयलर (हे पाणी गॅसवर तापवणारे यंत्र) किंवा रेडिएटर बदलण्याच्या विचारात असलेल्या वाचकासमोर आकडा काढण्याचे तीन मार्ग असतात. घनफळावरून ठोकताळा बांधणे हा पहिला, भिंती, खिडक्या व हवापालट (खोलीतली सगळी हवा तासाला किती वेळा बदलते) धरून खोलीची उष्णतागळती मोजणे हा दुसरा, आणि जुन्याच रेडिएटरवरून थंडीच्या रात्री प्रत्यक्ष मोजमाप घेणे हा तिसरा. तिन्हींची तुलना एकाच खोलीवर केलेली बरी. लंडनच्या उपनगरांत रांगेने उभ्या असलेल्या व्हिक्टोरियन घरांपैकी एकाचा पुढचा दिवाणखाना घेऊ. लांबी ४.५ मीटर, रुंदी ३.६ मीटर, उंची २.७ मीटर, म्हणजे घनफळ ४३.७४ घनमीटर. रस्त्याकडची ३.६ मीटरची एकच भिंत बाहेरची, तीही पोकळी नसलेली, नऊ इंची विटेची. तिच्यात ३ चौरस मीटरची, जुन्या दुहेरी काचेची खिडकी. खाली हवा खेळती असलेली लाकडी जमीन, वर शयनगृह, आणि दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांची गरम घरे.

घनफळाचा ठोकताळा

हा नियम बहुतेक विक्रेत्यांच्या गणकयंत्रांच्या मुळाशी असतो. दिवाणखान्यासाठी दर घनफुटाला ५ बीटीयू, शयनगृहासाठी ४, स्वयंपाकघर आणि बोळासाठी ३. खोलीचे तोंड उत्तरेला असेल तर १५ टक्के वाढवायचे, दुहेरी काच असेल तर १० टक्के कमी करायचे. आपल्या खोलीचे घनफळ सुमारे १,५४५ घनफूट भरते. त्याला ५ ने गुणून १० टक्के वजा केले की ६,९५० बीटीयू, म्हणजे सुमारे २,०४० वॉट येतात.

या पद्धतीचा गुण म्हणजे ती दोन मिनिटांत होते. दोष असा की बाहेरच्या भिंती किती आणि कशाच्या, हे ती विचारतच नाही. हीच खोली अलीकडे बांधलेल्या इमारतीत असती, भिंतीचे यू-मूल्य, म्हणजे तिच्यातून उष्णता किती निसटते त्याचे माप, ०.२ आणि खिडकीचे १.४ असते, वर-खाली गरम घरे असती आणि तासाला अर्धाच हवापालट होत असता, तर तिला ३०० वॉटच्या आसपास उष्णता पुरली असती. ठोकताळा मात्र तिलाही २,०४० वॉटच सांगतो. जी पद्धत या दोन खोल्यांत काहीच भेद करत नाही, तिच्यावर काही हजार पौंडांचा निर्णय सोपवणे मला पटत नाही.

उष्णतागळतीचे गणित

यू-मूल्य म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या तापमानात १ अंशाचा फरक असताना १ चौरस मीटर भिंतीतून, काचेतून किंवा जमिनीतून बाहेर जाणारे वॉट. दिवाणखान्यासाठी २१ अंश, शयनगृहासाठी १८ आणि न्हाणीघरासाठी २२ अंश धरण्याची इकडे रीत आहे. बाहेरचे तापमान वर्षातल्या अगदी थोड्या तासांतच ज्याच्या खाली पारा जातो असे घ्यायचे असते. आपण उणे ३ धरू, म्हणजे फरक २४ अंशांचा झाला.

खिडकी वजा जाता विटेची भिंत ६.७२ चौरस मीटर उरते. तिचे यू-मूल्य १.७ धरले तर २७४ वॉट. खिडकीचे २.८ धरले तर २०२ वॉट. निरोधन नसलेल्या लाकडी जमिनीचे ०.७ धरले तर २७२ वॉट. वरच्या शयनगृहात ३ अंश कमी असल्याने छतातून ८३ वॉट. शेजाऱ्यांच्या भिंतींतून काही नाही, अर्थात शेजारी घर गरम ठेवत असतील तर. राहिला हवापालट. घनफळाला ०.३३ ने, तासाच्या हवापालटाच्या संख्येने आणि तापमानातल्या फरकाने गुणायचे; जुन्या घरासाठी तासाला १.५ हवापालट धरला की ५२० वॉट होतात. एकूण बेरीज १,३५० वॉट.

ठोकताळ्याने याच खोलीला दीडपट सांगितले होते. पण या बेरजेकडेही डोळसपणे पाहायला हवे, कारण तिच्यातला सर्वांत मोठा भाग, म्हणजे हवापालटाचे ५२० वॉट, हाच तिच्यातला सर्वांत अंदाजी भाग आहे. भिंत मोजता येते आणि काच मोजता येते. जमिनीच्या फळ्यांतून, बंद केलेल्या शेकोटीच्या धुराड्यातून आणि दाराच्या फटीतून किती वारा येतो हे मात्र तक्त्यातून उचललेले असते. फटी बुजवलेल्या घरालाही तोच १.५ चा आकडा लावला, की गणित विनाकारण फुगते. गणित कोणाकडून करून घेतले असेल, तर हवापालट किती धरला हा पहिला प्रश्न विचारावा.

हीट पंप, म्हणजे बाहेरची उष्णता विजेच्या जोरावर घरात ओढणारे यंत्र, बसवायचा असेल तर हे गणित ऐच्छिक राहत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळणाऱ्या ७,५०० पौंडांच्या अनुदानासाठी काम प्रमाणित कारागिराकडूनच करून घ्यावे लागते, आणि त्याला प्रत्येक खोलीची उष्णतागळती स्वतंत्रपणे काढावी लागते.

कॅटलॉगचा आकडा कोणत्या पाण्याचा?

खोलीला १,३५० वॉट हवेत म्हणून कॅटलॉगमधला १,३५० वॉटचा रेडिएटर घेणे, ही चूक गणित काटेकोर करणाऱ्यांच्याही हातून होते. युरोपीय प्रमाण ईएन ४४२ नुसार कॅटलॉगमधली उष्णता मोजताना पाणी ७५ अंशांनी आत जाते, ६५ अंशांनी परत येते आणि खोली २० अंशांवर असते. पाण्याचे सरासरी तापमान ७०, खोलीचे २०, म्हणून फरक ५० अंश. यालाच ‘डेल्टा टी ५०’ म्हणतात. पाणी यापेक्षा थंड असेल तर उष्णता घटते, आणि ती फरकाच्या सरळ प्रमाणात न घटता साधारण १.३ व्या घाताने, म्हणजे अधिक वेगाने घटते. फरक ३० अंशांवर आला की रेडिएटर कॅटलॉगच्या जेमतेम ५२ टक्के उष्णता देतो.

आपल्या १,३५० वॉटच्या खोलीसाठी कॅटलॉगमधला किती वॉटचा रेडिएटर लागेल, ते पाण्याच्या तापमानानुसार असे बदलते. शेवटच्या रकान्यातली लांबी ६०० मिलिमीटर उंचीच्या, दोन पत्रे आणि दोन पन्हळी असलेल्या टाइप २२ साठी आहे. हा प्रकार मीटरला सुमारे १,७०० वॉट देतो.

| पाणी जाताना / परतताना | कॅटलॉगमधली गरज | टाइप २२ ची लांबी |
|---|---|---|
| ७५ / ६५ अंश | १,३९० वॉट | ०.८ मीटर |
| ७० / ५० अंश | १,८७० वॉट | १.१ मीटर |
| ५५ / ४५ अंश | २,७४० वॉट | १.६ मीटर |
| ४५ / ४० अंश | ४,०४० वॉट | २.४ मीटर |

आता ठोकताळ्याच्या २,०४० वॉटकडे पुन्हा पाहावे. पाणी ७५ अंशांचे असेल तर तो रेडिएटर गरजेपेक्षा जवळजवळ निम्म्याने मोठा ठरतो. ५५ अंशांच्या पाण्यावर तोच जेमतेम १,००० वॉट देतो आणि खोली थंड राहते. आकडा एकच असूनही एका घरात तो उधळपट्टी ठरतो आणि दुसऱ्या घरात अपुरा पडतो. त्यामुळे माझ्या मते पद्धत निवडण्याच्याही आधी पाण्याचे तापमान ठरवले पाहिजे.

हे तापमान ७५ वर ठेवण्याचे दिवस सरत आले आहेत. कंडेन्सिंग बॉयलरला परतीचे पाणी ५५ अंशांच्या खाली मिळाले तरच धुरातल्या वाफेची उष्णता वसूल होते, आणि हीट पंपाची कार्यक्षमता पाणी जितके कोमट तितकी वाढते. इंग्लंडच्या बांधकाम नियमांनीही जून २०२२ पासून नवी किंवा पूर्णपणे बदललेली पाण्याची तापनव्यवस्था शक्य तिथे ५५ अंशांपर्यंतच्या पाण्यावर चालेल अशी आखण्यास सांगितले आहे. बॉयलर आज बदलायचा नसला, तरी रेडिएटर घेताना ५५ / ४५ चीच ओळ पाहावी. मोठा रेडिएटर गॅस जास्त खातो ही समजूत चुकीची आहे. गॅस किती लागणार हे खोलीच्या गळतीवर ठरते, आणि थर्मोस्टॅटची झडप खोली तापल्यावर पाणी रोखतेच. मोठ्या रेडिएटरचा खरा खर्च त्याची किंमत आणि तो अडवतो ती भिंत, एवढाच.

मराठी घरांच्या संदर्भात एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. हिवाळ्यात पुण्या-नागपुराहून आई-वडील राहायला येणार असतील, तर २१ अंश त्यांना पुरत नाहीत. २३ अंश हवे असतील तर या खोलीची गळती १,३५० वरून सुमारे १,५१० वॉटवर जाते, आणि खोली गरम झाल्यामुळे पाण्याशी असलेला फरकही कमी होतो. त्यामुळे ५५ / ४५ च्या पाण्यावर कॅटलॉगमधली गरज २,७४० वरून सुमारे ३,३७० वॉटवर पोहोचते. दोन अंशांसाठी जवळजवळ पाव रेडिएटर वाढतो. म्हणून हे मागणी नोंदवण्यापूर्वीच सांगितलेले बरे.

दोन दुकानांतल्या रेडिएटरची तुलना करताना दोन्ही आकडे डेल्टा टी ५० चे आहेत याची खात्री करावी. काही ठिकाणी अजूनही डेल्टा टी ६० चे आकडे छापलेले असतात आणि ते त्याच रेडिएटरसाठी सुमारे २७ टक्क्यांनी मोठे दिसतात.

जुन्या रेडिएटरवरून मोजमाप

तिसऱ्या पद्धतीची शिफारस दुकानदार सहसा करत नाहीत, पण घरात राहत असलेल्याला तीच सर्वांत जवळची आहे. रात्रीची, बाहेर थंडी स्थिर असलेली वेळ निवडावी, झडप पूर्ण उघडावी, बॉयलर काही तास सलग चालू द्यावा आणि खोलीचे तापमान चढायचे थांबले की मोजमाप घ्यावे. समजा खोलीत कॅटलॉगनुसार १,४०० वॉटचा जुना रेडिएटर आहे. बाहेर ३ अंश असताना खोली २० वर स्थिरावली, पाणी ६० ने आत जात होते आणि ५० ने बाहेर येत होते. पाण्याची सरासरी ५५, खोलीशी फरक ३५. त्यामुळे रेडिएटर कॅटलॉगच्या ६३ टक्के, म्हणजे ८८० वॉट देत होता. हे ८८० वॉट १७ अंशांच्या फरकाला पुरत होते, म्हणून खोलीची गळती अंशाला सुमारे ५२ वॉट. २४ अंशांच्या फरकाला सुमारे १,२५० वॉट.

गणिताच्या १,३५० पेक्षा हे १०० वॉटने कमी आहे, आणि गणितात हवापालट १.५ ऐवजी १.२ धरला की बेरीज नेमकी इथेच येते. मोजमापाचे खरे मोल यातच आहे: गणितातला जो भाग अंदाजाचा, तोच ते तपासून देते. मात्र सोसाट्याचा वारा असलेल्या रात्री, खोलीत पाहुणे जमलेले असताना किंवा शेजारच्या खोलीचे दार उघडे असताना घेतलेले मोजमाप फसवे असते. नळीचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घेणार असाल तर चकचकीत तांब्यावर काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर घ्यावे, नाहीतर वाचन बरेच खाली येते. गॅसच्या वर्षभराच्या बिलावरून संपूर्ण घराचा अंदाज येतो, पण कोणत्या खोलीला किती लागते हे ते बिल सांगत नाही.

कोणाला काय पुरेल

भाड्याच्या घरात एकच गंजलेला रेडिएटर बदलायचा असेल आणि बाकीची व्यवस्था तशीच राहणार असेल, तर ठोकताळ्याचीही गरज नाही. जुन्याच्या मापाचा, पण वरच्या प्रकारचा, म्हणजे टाइप ११ (एक पत्रा, एक पन्हळ) च्या जागी टाइप २२ घ्यावा. नुकत्याच घेतलेल्या, अजून न राहिलेल्या घरासाठी गणितच करावे लागेल. घरात एक हिवाळा काढलेला असेल तर गणित आणि मोजमाप दोन्ही करावे, आणि दोन्हींत फार अंतर पडले तर आधी हवापालटाचा आकडा तपासावा. ठोकताळा मी फक्त दुकानात जाण्यापूर्वी भिंतीवर जागा आहे की नाही हे पाहण्यापुरता वापरीन.

जागा कमी असेल तर ६०० मिलिमीटर उंचीचा, तीन पत्रे आणि तीन पन्हळी असलेला टाइप ३३ मीटरला सुमारे २,३५० वॉट देतो आणि ५५ / ४५ ची गरज १.२ मीटरमध्ये भागवतो. मात्र तो भिंतीपासून बराच पुढे येतो आणि जड असतो. न्हाणीघरातल्या टॉवेलच्या शिडीवर, म्हणजे टॉवेल वाळवायच्या शिडीवजा रेडिएटरवर, भिस्त ठेवू नये. तिची उष्णता मुळातच कमी, क्रोमचा मुलामा असेल तर आणखी कमी, आणि ओले टॉवेल टाकले की उरलेलीही अडते.

मागणी देण्यापूर्वी जमिनीखालून येणाऱ्या नळ्याही पाहून घ्याव्यात. १,३५० वॉट पोहोचवायला, पाणी २० अंशांनी थंड होऊन परतत असेल तर मिनिटाला सुमारे १ लिटर पुरते. हीट पंपाच्या ५ अंशांच्या फरकाला त्यासाठी जवळजवळ ४ लिटर लागतात. १५ मिलिमीटरच्या नळीला ते सहज जमते. ८ मिलिमीटरच्या बारीक नळ्या असलेल्या घरात मात्र एवढे पाणी आवाज करत, फार मोठ्या दाबाने ढकलावे लागते, आणि तिथे रेडिएटर कितीही मोठा घेतला तरी नळ्या बदलल्याशिवाय त्याची उष्णता मिळत नाही.