मोठ्या विद्यापीठाचा संघ की लहान कॉलेजचा? अमेरिकेत फुटबॉल खेळणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी एक तुलना

टेक्सास, ओहायो किंवा न्यू जर्सीत वाढणारा मुलगा हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल संघात चांगला खेळू लागला, की बारावीच्या सुमारास घरात एक अवघड प्रश्न उभा राहतो. एखादे मोठे सरकारी विद्यापीठ त्याला ‘प्रेफर्ड वॉक-ऑन’ म्हणून, म्हणजे शिष्यवृत्ती न देता पण संघात जागा राखून, बोलावत असते आणि त्याच आठवड्यात एखाद्या लहान, अभ्यासासाठी नावाजलेल्या कॉलेजचा प्रशिक्षक दिवाणखान्यात बसून ‘तुमचा मुलगा दुसऱ्या वर्षापासून आमच्याकडे खेळेल’ असे सांगत असतो. मी अशाच एका लहान कॉलेजात, कॉलेज क्रीडास्पर्धांच्या तिसऱ्या स्तरावर म्हणजे डिव्हिजन तीनमध्ये, बचावफळीतील लाईनबॅकर म्हणून खेळलो आणि पुढे पदव्युत्तर शिक्षण घेताना एका मोठ्या विद्यापीठाच्या वेट-रूममध्ये, म्हणजे व्यायामशाळेत, साहाय्यक म्हणून काम केले, त्यामुळे दोन्हीकडचा कारभार मला आतून पाहता आला. ही तुलना बहुतेक घरांत नाव, पैसा आणि टीव्हीवरचे सामने यांच्या आधारे होते. माझ्या मते तिची सुरुवात वेट-रूमपासून व्हायला हवी, कारण मुलाला निवडतो तो मुख्य प्रशिक्षक असला, तरी हंगाम संपल्यावर जानेवारीपासून ऑगस्टपर्यंत मुलगा सर्वाधिक काळ स्ट्रेंथ कोचच्या, म्हणजे व्यायाम करून घेणाऱ्या प्रशिक्षकाच्या, ताब्यात असतो आणि त्या माणसाला प्रवेशाआधी भेटलेले पालक मला क्वचितच दिसले.

निवड आणि पैसा

मोठ्या विद्यापीठांच्या, म्हणजे सर्वांत वरच्या एफबीएस विभागाच्या, निवडपद्धतीत गेल्या काही वर्षांत इतके बदल झाले आहेत की पाच वर्षांपूर्वी दाखल झालेल्या खेळाडूचा सल्लाही आज जपून ऐकावा. जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर आणि प्रतिमेवर पैसे मिळवण्याची मुभा मिळाली. २०२४ मध्ये ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’ ही खेळाडूने एका विद्यापीठाला लेखी बांधिलकी देण्याची जुनी पद्धत बंद झाली. जून २०२५ मध्ये खेळाडूंना पैसे देण्याबाबतच्या हाउस खटल्यातील तडजोडीला न्यायालयाने मंजुरी दिली आणि तिच्यात सामील होणाऱ्या विद्यापीठांना पहिल्या वर्षी आपल्या सर्व खेळाडूंमध्ये मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम थेट वाटण्याची परवानगी मिळाली. फुटबॉलसाठी पूर्वीची ८५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा जाऊन तिच्या जागी १०५ खेळाडूंची मर्यादा आली.

वॉक-ऑन मुलाच्या दृष्टीने यातला शेवटचा बदल सर्वांत महत्त्वाचा आहे. पूर्वी वॉक-ऑन खेळाडूंच्या संख्येवर हंगामात बंधन नसल्यामुळे अनेक संघ सव्वाशेपर्यंत मुले बाळगत आणि शिष्यवृत्ती नसलेला पण कष्टाळू मुलगा तीन वर्षे सराव करून चौथ्या वर्षी मैदानात उतरण्याची आशा धरू शकत असे. आता १०५ जागांपैकी प्रत्येक जागेचा हिशोब होतो, शिवाय विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नावे जेथे नोंदवली जातात त्या ट्रान्स्फर पोर्टलमुळे प्रशिक्षकाला वाट पाहण्याची गरज उरलेली नाही. तुमच्या मुलाच्या जागेसाठी दुसऱ्या विद्यापीठात दोन वर्षे खेळून तयार झालेला एकवीस वर्षांचा खेळाडू त्याला एका महिन्यात मिळू शकतो. म्हणून तोंडी दिलेल्या प्रस्तावाला, मग तो कितीही आपुलकीने दिलेला असो, करार समजू नये. तो दोन्ही बाजूंवर बंधनकारक नसतो.

डिव्हिजन तीनचे चित्र वेगळे आहे. तेथे क्रीडा शिष्यवृत्ती देताच येत नाही. प्रशिक्षकाच्या हाती असते ते एवढेच, की तो मुलाचे गुणपत्रक प्रवेश कार्यालयाकडे आधीच तपासणीसाठी पाठवू शकतो आणि त्याच्या बाजूने शब्द टाकू शकतो. एमआयटी, शिकागो विद्यापीठ, जॉन्स हॉपकिन्स, कार्नेगी मेलन या सर्वांचे फुटबॉल संघ याच विभागात खेळतात. यातील शिकागो विद्यापीठ तर एकेकाळी बिग टेन या मोठ्या विद्यापीठांच्या गटाचे संस्थापक सदस्य होते, सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणारी १९३५ ची पहिली हाइजमन ट्रॉफी त्यांच्याच जे बर्वँगरने मिळवली आणि १९३९ मध्ये त्यांनी मोठे फुटबॉल स्वतःहून सोडले. अशा संस्थेत संघामुळे प्रवेशाचे पारडे थोडे जरी आपल्या बाजूने झुकले, तरी त्याचे मोल मोठे आहे. मात्र खर्चाचा हिशोब डोळे उघडे ठेवून करावा. नामांकित खासगी कॉलेजांचा वर्षाचा एकूण खर्च ऐंशी-नव्वद हजार डॉलरच्या घरात जातो आणि दोघेही नोकरी करणाऱ्या घराला गरजेवर आधारित मदत फारशी मिळत नाही. स्वतःच्या राज्यातील सरकारी विद्यापीठाची फी त्या मानाने बरीच कमी असते, आणि वॉक-ऑनच्या बाजूने बोलणारा हाच सर्वांत भक्कम मुद्दा आहे.

येथेच व्हिसाचाही उल्लेख करायला हवा, कारण अनेक मराठी घरे अजून ग्रीन कार्डच्या रांगेत आहेत. एच-४ वर, म्हणजे पालकाच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून, असलेल्या मुलाला काम करण्याचा परवाना नसतो आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या विद्यार्थ्याच्या कमाईवर कडक बंधने असतात. त्यामुळे नाव-प्रतिमेचे पैसे किंवा विद्यापीठाकडून मिळणारा वाटा तुमच्या मुलाला घेता येईल असे गृहीत धरू नये. इमिग्रेशन वकिलाशी बोलल्याखेरीज अशा कोणत्याही कागदावर सही करू नये. एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो, म्हणजे हा प्रश्न कॉलेजच्या मधल्या वर्षांतच येऊन ठेपतो.

प्रशिक्षक

मोठ्या संघात मुख्य प्रशिक्षक हा एका मोठ्या संस्थेचा प्रमुख असतो. तुमच्या मुलाला तो रोज दिसेल, पण शिकवणारा असेल तो मुलाच्या मैदानावरील जागेचा (पोझिशनचा) प्रशिक्षक, आणि तो दर एक-दोन वर्षांनी बदलण्याची शक्यता गृहीत धरावी. मुख्य प्रशिक्षकाची खुर्चीही स्थिर नसते. टेक्सास ए अँड एमने नोव्हेंबर २०२३ मध्ये जिम्बो फिशर यांना काढले, तेव्हा करारापोटी साडेसात कोटी डॉलरहून अधिक रक्कम देण्याची तयारी ठेवून काढले. जेथे हरण्याची किंमत एवढी आहे, तेथे वॉक-ऑन मुलाला शिकवून तयार करण्यासाठी कोणी तीन वर्षे थांबणार नाही, आणि त्याबद्दल प्रशिक्षकाला दोष देणेही अन्यायाचे ठरेल.

लहान कॉलेजांत एकच माणूस वर्षानुवर्षे राहतो. मिनेसोटातील सेंट जॉन्समध्ये जॉन गॅग्लियार्डी १९५३ पासून २०१२ पर्यंत होते आणि ४८९ विजयांसह कॉलेज फुटबॉलमधील सर्वाधिक विजयांचा विक्रम करून निवृत्त झाले. त्यांच्या सरावात शिट्टी नसे, एकमेकांना पाडणे नसे, आणि खेळाडूंनी त्यांना ‘कोच’ न म्हणता ‘जॉन’ म्हणावे असा त्यांचा आग्रह असे. याच्या दुसऱ्या टोकाला १९५४ मध्ये टेक्सास ए अँड एमचे प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांनी टेक्सासमधील जंक्शन गावी घेतलेले शिबिर ठेवून पाहावे. दुष्काळी उन्हात, सरावादरम्यान पाणीही न देता दहा दिवस चाललेल्या त्या शिबिरातून कितीतरी मुले पळून गेली आणि पुढची अनेक दशके ती कहाणी मर्दुमकीची म्हणून सांगितली गेली. मला ती कधीही मर्दुमकीची वाटली नाही.

डोक्याला बसणाऱ्या आघातांची चिंता असलेल्या पालकांनी हे ध्यानात घ्यावे, की सामने दहा-बारा असतात आणि सराव शंभरच्या आसपास, त्यामुळे मुलाचे डोके वर्षभरात किती वेळा आपटेल हे बरेचसे सरावावर ठरते. डार्टमथ कॉलेजचे प्रशिक्षक बडी टीव्हन्स यांनी २०१० मध्ये सरावात खेळाडूंनी एकमेकांना पाडणे बंद केले आणि त्यांच्याच कॉलेजात पुढे चाकांवर पळणारे यांत्रिक पुतळे तयार झाले, ज्यांच्यावर मुले टॅकलचा, म्हणजे पाडण्याचा, सराव करतात. २०१६ मध्ये आयव्ही लीगच्या, म्हणजे डार्टमथसह आठ नामांकित संस्थांच्या गटाच्या, सर्व प्रशिक्षकांनी हंगामातील सरावातून पूर्ण टॅकलिंग वगळण्यास एकमताने संमती दिली. डार्टमथ त्यामुळे हरू लागले नाही, उलट त्यानंतर त्यांनी लीगची विजेतेपदे मिळवली.

शारीरिक तयारी

मोठ्या विद्यापीठाची वेट-रूम पाहून कोणीही भारावून जातो, मीही गेलो होतो. आहारतज्ज्ञ, प्रत्येक मुलाच्या बनियनमध्ये जीपीएसचे यंत्र, सरावाआधी आणि नंतर वजन करून अंगातून किती पाणी गेले याची नोंद, मुतारीच्या भिंतीवर लघवीच्या रंगाचा तक्ता, आणि गडद रंग दिसला तर सरावाला जाण्यापूर्वी पाणी पिण्याची सक्ती. ही शिस्त लहान कॉलेजात या प्रमाणात मिळत नाही. तेथे एकच स्ट्रेंथ कोच पोहण्याच्या संघापासून फुटबॉलपर्यंत सर्वांना सांभाळतो, खेळाडूंच्या दुखापती व प्रकृती पाहणारे अ‍ॅथलेटिक ट्रेनर मोजके असतात आणि उन्हाळ्यात मुलगा छापील वेळापत्रक घेऊन घरी येतो आणि जुलैच्या उन्हात एकटाच धावतो. डिव्हिजन तीनची खरी धोक्याची जागा हीच आहे, आणि तेथे देखरेख पालकांनाच करावी लागते.

असे असूनही काळजात धस्स व्हावे अशा घटना साधनांची रेलचेल असलेल्या ठिकाणी घडल्या आहेत. जानेवारी २०११ मध्ये आयोवा विद्यापीठात सुट्टीवरून परतलेल्या खेळाडूंना आपल्या कमाल वजनाच्या निम्मे वजन खांद्यावर घेऊन शंभर बैठका मारायला लावल्या. तेरा जण स्नायू विरघळून मूत्रपिंडावर ताण आल्यामुळे रुग्णालयात दाखल झाले. २९ मे २०१८ रोजी मेरीलँड विद्यापीठात जॉर्डन मॅकनेअर हा एकोणीस वर्षांचा लाईनमन ११० यार्डांच्या धावा काढताना कोसळला. त्याला उष्माघात झाला होता, बर्फाच्या पाण्यात बुडवण्याचा साधा उपाय झाला नाही, रुग्णवाहिकेला बोलावण्यात तासाहून अधिक वेळ गेला आणि १३ जूनला तो मरण पावला. ही धाव सामन्याची नव्हती, हंगामाची नव्हती, त्या दिवशी जिंकण्यासारखे काहीही नव्हते. नंतर स्ट्रेंथ कोच आणि मुख्य प्रशिक्षक दोघांनाही जावे लागले.

श्रमातून होणाऱ्या उष्माघातात शरीराचे तापमान ४० अंश सेल्सियसच्या पुढे गेलेले असते आणि अर्ध्या तासाच्या आत ते उतरवले तर मुलगा वाचतो, म्हणून ‘आधी थंड करा, मग हलवा’ हा नियम सर्वत्र मान्य झाला आहे. त्यासाठी लागतो तो एक टब, बर्फ आणि पाणी. लहानांत लहान कॉलेजालाही हे परवडते. फरक पडतो तो सराव थांबवण्याचा अधिकार कोणाकडे आहे यावर. ट्रेनरने ‘बस’ म्हटल्यावर प्रशिक्षक तोंड न उघडता मागे सरकतो, की ‘त्याला उठू दे, तो नाटक करतो आहे’ असे म्हणतो, यावर मुलाचे आयुष्य अवलंबून असू शकते.

विदर्भातील किंवा नंदुरबारकडील कुटुंबांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगतो. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक विकाराचा गुणधर्म असलेल्या, एरवी पूर्ण निरोगी दिसणाऱ्या मुलाला सलग वेगाच्या धावांमध्ये अचानक जीवघेणा त्रास होऊ शकतो. कॉलेज फुटबॉलमध्ये यामुळे मृत्यू झाले आहेत आणि म्हणून सर्वांत वरच्या डिव्हिजन एकमध्ये २०१० पासून या गुणधर्माची चाचणी आली, पुढे इतर विभागांनीही ती स्वीकारली. गुणधर्म असला तरी मुलगा खेळू शकतो, फक्त त्याला धावांच्या मध्ये विश्रांती द्यावी लागते. आपल्याकडे गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार भागांत हा गुणधर्म बराच आढळतो, त्यामुळे तपासणी घरच्या डॉक्टरकडे आधीच करून घ्यावी.

वेळेचे गणितही याच सदरात येते. हंगामात आठवड्याला वीस तासांची मर्यादा कागदावर आहे, पण प्रवास, उपचार, ‘ऐच्छिक’ व्यायाम त्यात धरले जात नाहीत आणि मोठ्या संघांतील खेळाडूंच्या सांगण्यानुसार प्रत्यक्षातले तास चाळीसच्या पुढे जातात. अभियांत्रिकीची प्रयोगशाळा दुपारी तीनला असते आणि सरावही तेव्हाच असतो. आमच्या कॉलेजात मंगळवारी चार-पाच मुले प्रयोगशाळेतून थेट, कधी अंगावरचा ॲप्रन तसाच ठेवून, अर्ध्या तासाने मैदानावर येत आणि प्रशिक्षक त्यांच्यासाठी ती कवायत पुन्हा घेत. मोठ्या संघात असे घडताना मी पाहिले नाही. तेथे बहुतेकदा विषय बदलला जातो.

माझा कौल

पूर्ण शिष्यवृत्ती देऊ करणारे मोठे विद्यापीठ आणि वैद्यकीय अधिकार स्वतंत्र असल्याची खात्री, या दोन्ही गोष्टी असतील तर तेथे जावे, संकोच करू नये. वॉक-ऑनचा प्रस्ताव मात्र तेव्हाच स्वीकारावा, जेव्हा फुटबॉल पहिल्या महिन्यात सुटले तरी मुलगा आनंदाने त्याच विद्यापीठात चार वर्षे शिकेल. पर्ड्यू किंवा जॉर्जिया टेकसारखी संस्था आपल्याच राज्यात असेल तर हे सहज शक्य आहे. मुलाला शनिवारी प्रत्यक्ष खेळायचे असेल आणि घराला खर्च झेपत असेल, तर डिव्हिजन तीन निवडावे. व्यावसायिक फुटबॉलपर्यंत कॉलेजच्या शंभर खेळाडूंमागे दोनही पोहोचत नाहीत, तेव्हा त्या आशेवर यातला कोणताही निर्णय बेतू नये.

डिव्हिजन एकमधलाच, पण एफबीएसच्या खालचा, एफसीएस विभाग या दोहोंच्या मधला आहे आणि त्याकडे अकारण दुर्लक्ष होते. तेथे अनेक संघांत एक शिष्यवृत्ती दोघा-तिघांत विभागली जाते, म्हणून ‘शिष्यवृत्ती’ हा शब्द ऐकल्यावर किती टक्के हे लगेच विचारावे. आयव्ही लीग याच विभागात खेळते, क्रीडा शिष्यवृत्ती देत नाही, पण सरावातील टॅकलिंगबाबत सर्वांत पुढे आहे. ज्या मुलाचे गुण आणि खेळ दोन्ही त्या तोडीचे आहेत, त्याच्यासाठी मी तीच पहिली पसंती मानेन.

कॉलेज पाहायला जाल तेव्हा स्टेडियमची फेरी झाल्यावर स्ट्रेंथ कोचला पंधरा मिनिटे मागा. सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात तो काय करवून घेतो, बर्फाचा टब सरावाच्या वेळी मैदानाच्या कडेला भरून ठेवलेला असतो का, आणि ट्रेनरला कामावर कोण ठेवतो व कोण काढू शकतो, हे विचारा. ट्रेनरची नोकरी मुख्य प्रशिक्षकाच्या हाती असेल, तर दुसरे कॉलेज शोधा.