फ्रॅक्चरनंतर ‘रिव्हर्स’ खांदा: किती भरवशाचा?

सत्तरीपुढच्या माणसाच्या खांद्याच्या गोळ्याचे तीन-चार तुकडे झाले आणि सांधा बदलायचंच ठरलं, तर आमची पसंती रिव्हर्सला, म्हणजे उलट्या मांडणीच्या कृत्रिम सांध्याला. (तुकडे फारसे सरकले नसतील, तर झोळीत हात ठेवूनही खांदा कामापुरता बरा होतो. ते आधी विचारून घ्या.)

फ्रेंच सर्जन पॉल ग्रामाँ यांनी १९८५ मध्ये सांध्याची मांडणी उलटी केली: गोळा फऱ्याच्या हाडावर, वाटी दंडावर. त्यामुळे रोटेटर कफ (सांध्याभोवतीचे हात फिरवणारे स्नायू) निकामी असला तरी एकटा डेल्टॉइड, म्हणजे खांद्यावरचा मोठा स्नायू, हात उचलतो. जुन्या हेमी, म्हणजे फक्त गोळा बदलणाऱ्या अर्ध्या सांध्यात सगळी भिस्त ट्युबरॉसिटीचे (कफ जिथे जोडलेला असतो त्या हाडाच्या उंचवट्यांचे) तुकडे जुळण्यावर असते. ठिसूळ हाडात ते सरकतात किंवा विरघळतात आणि हात अर्ध्यातच अडतो. स्पेनमध्ये सत्तरीपुढच्या ६२ रुग्णांवर झालेल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रिव्हर्सचा हात सरासरी १२० अंश वर गेला, हेमीचा ८०. फरक खरोखर एवढा मोठा आहे.

म्हणून रिव्हर्समध्ये ट्युबरॉसिटी काढून टाकली तरी चालते, असं मात्र मुळीच नाही. ती जुळली नाही तर हात वर जातो, पण बाहेर वळत नाही. वेणी घालताना हे लगेच कळतं. दंडाच्या हाडात बसणारा इम्प्लांटचा दांडा फ्रॅक्चरसाठीचाच हवा: वरच्या भागात बारीक, तुकड्यांना जागा ठेवणारा. तिथे तुटलेल्या गोळ्यातलंच हाड भरायचं आणि न विरघळणारे जाड धागे दांड्याच्या मानेभोवती घेऊन तुकडे आवळायचे. फ्रॅक्चरला तीन-चार आठवडे उलटले की तुकडे आक्रसून चिकटतात, मग हे काम अवघड होतं.

पुढची दुखणी ठरलेली आहेत. वाटीची कड फऱ्याच्या मानेवर घासून खाच पडते. १५५ अंशांच्या दांड्यात (हा दांडा आणि वाटी यांतला कोन) जास्त, १३५ अंशांच्या दांड्यात आणि गोळा खाली बसवल्यास कमी. खांद्याच्या टोकाला अचानक कळ आली तर ॲक्रोमियनला, म्हणजे त्या टोकाच्या हाडाला, चीर गेल्याची शंका घ्यावी. जंतुसंसर्ग फसवा असतो: क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस या त्वचेवरच्या जंतूमध्ये बहुधा ताप नाही, लाली नाही, नुसतं न हटणारं दुखणं. कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून पाहायची तपासणी) १४ दिवस ठेवायला सांगा. पाचव्या दिवसाच्या ‘निगेटिव्ह’वर विसंबू नका.

पहिले बारा आठवडे हात मागे टेकून जमिनीवरून उठायचं नाही, पाठीमागे हात नेऊन हूक लावायचे नाहीत. सांधा निखळतो तो नेमका अशाच वेळी. डिस्चार्ज कार्डावर इम्प्लांटचे स्टिकर चिकटवून घ्या. पुढे एखादा भाग बदलायची वेळ आली, तर मापं आणि मॉडेल त्यावरूनच कळतं.